मोजलेला आकडा आणि धरलेला आकडा: पर्यावरणशास्त्र म्हणजे पर्यावरण अभियांत्रिकी नव्हे

सिव्हिल अभियांत्रिकीसोबत पर्यावरणशास्त्राची जोडपदवी घेणाऱ्या प्रत्येकाला हे ऐकावं लागतं: 'पर्यावरण तर सिव्हिलमध्येच असतं, मग तेच दोनदा कशाला शिकायचं?' हा समज चुकीचा आहे आणि त्याची किंमत शेवटच्या वर्षाच्या प्रकल्पात मोजावी लागते. सिव्हिलमधलं पर्यावरण अभियांत्रिकी म्हणजे पाणीपुरवठा, सांडपाणी, घनकचरा आणि थोडं वायुप्रदूषण. पर्यावरणशास्त्र म्हणजे परिसंस्था, रसायनशास्त्र, माती, हवामान, सूक्ष्मजीव आणि या सगळ्याचं मोजमाप. काही पाठांची नावं सारखी दिसतात, पण त्यांत विचारले जाणारे प्रश्न वेगळे असतात.

सिव्हिल तुम्हाला येतं, त्यामुळे त्याची उजळणी इथे नाही. किरकोळ फरकही झटकन उरकू. तिकडे गणित आणि यामिकी जास्त, इकडे रसायन आणि जीवशास्त्र जास्त. तिकडे साइट आणि ड्रॉइंग, इकडे नमुने आणि प्रयोगशाळा. आराखड्यावर सही करायला जिथे परवाना लागतो तिथे तो मान्यताप्राप्त अभियांत्रिकी पदवीच्या जोरावर मिळतो, पर्यावरणशास्त्राच्या पदवीवर नाही. जोडपदवीतल्या सिव्हिलच्या अर्ध्या भागाला ती मान्यता आहे का, एवढं प्रवेशाआधी तपासा. पर्यावरणशास्त्र ही 'सोपी बाजू' आहे, असं मानून तिथलं संख्याशास्त्र शेवटच्या वर्षावर ढकलू नका. या जोडीतला सगळ्यात महत्त्वाचा पेपर तोच आहे.

आता खरा फरक. अभियंत्याचा आकडा हा निर्णय असतो: 'इतकं धरलं.' शास्त्रज्ञाचा आकडा हा अंदाज असतो: 'इतकं आढळलं, आणि त्यात इतका फरक असू शकतो.' धरलेल्या आकड्यात सुरक्षितता आधीच मिसळलेली असते. मोजलेल्या आकड्यात ती मिसळायची नसते, फक्त अनिश्चितता शेजारी लिहायची असते. दोन्ही विषय एकत्र शिकणारे विद्यार्थी अडखळतात ते इथेच.

ओळखीचं उदाहरण घ्या. ३० मेगापास्कलचं (हे ताकदीचं एकक) काँक्रीट म्हणजे ज्याचे जास्तीत जास्त ५ टक्के निकाल ३० च्या खाली जातील असं काँक्रीट. प्रमाण विचलन (निकाल सरासरीभोवती किती विखुरतात त्याचं माप) ५ असेल तर मिक्स डिझाइनमध्ये, म्हणजे मिश्रणाचं प्रमाण ठरवताना, सरासरी ३० अधिक १.६५ गुणिले ५, म्हणजे ३८.२५ धरावी लागते. डिझाइन करताना त्या ३० लाही पुन्हा १.५ ने भागतात. 'ही स्लॅब किती ताकदीची धरू?' याचं उत्तर ३० किंवा त्याहून कमी. 'हे काँक्रीट प्रत्यक्षात किती ताकदीचं आहे?' याचं उत्तर सुमारे ३८, विचलन ५. दोन्ही उत्तरं बरोबर आहेत, कारण प्रश्न दोन आहेत. काँक्रीटच्या बाबतीत हे सगळ्यांना पटतं. नदी, माती किंवा पाऊस समोर आला की तेच विद्यार्थी ते विसरतात.

सगळ्यात महाग पडणारी चूक कृत्रिम पाणथळीत, म्हणजे पाणी शुद्ध करायला वनस्पती लावून केलेल्या उथळ तळ्यात होते. समजा २ हेक्टर आवारातलं पावसाचं पाणी गटारातून पाणथळीत न्यायचं आहे. गटाराचा आकार रॅशनल पद्धतीने काढला: रनऑफ गुणांक (पावसाच्या दरापैकी किती वाहतं ते सांगणारा आकडा), पावसाची तीव्रता आणि क्षेत्रफळ यांचा गुणाकार. गुणांक ०.५ ते ०.८ मध्ये कुठेतरी असेल, म्हणून 'सेफ साइडला' ०.८ धरला. गटारासाठी हे योग्यच. गटार मोठं झालं तर थोडा खर्च वाढतो, लहान झालं तर पाणी रस्त्यावर येतं. मग तोच ०.८ पुढच्या पानावर पाणथळीच्या हिशेबात जातो. २० मिलिमीटर पाऊस २ हेक्टरवर पडला तर एकूण पाणी ४०० घनमीटर. ०.८ ने ३२० घनमीटर येईल असं गृहीत धरून खोली, क्षेत्रफळ आणि वनस्पती ठरतात. प्रत्यक्षात ०.५ ने २०० घनमीटरच येतं. उरलेले १२० घनमीटर कधीच येत नाहीत. दोन पावसांमधलं अंतर वाढलं की कडेचा उथळ पट्टा कोरडा पडतो, पाणकणसाची मुळं उघडी पडतात, आणि वनस्पतींवर अवलंबून असलेलं शुद्धीकरण थांबतं. गटारासाठी सुरक्षित असलेला आकडा पाणथळीला मारक ठरतो.

त्यात आणखी एक गोची आहे. रॅशनल पद्धतीतला गुणांक हा प्रवाहाच्या कमाल दरासाठी असतो, पावसाच्या एकूण पाण्यापैकी किती वाहून आलं त्यासाठी नव्हे. हे दोन गुणांक वेगळे आहेत, तरी कोष्टकातला पहिला आकडा दुसऱ्याच्या जागी सर्रास टाकला जातो. पाणथळ, तळं किंवा भूजल-भरण यांना पाण्याचा ताळेबंद लागतो: पाऊस, बाष्पीभवन, झिरपणं, वाहणं आणि साठा. ताळेबंद काढायला शिकवतं ते पर्यावरणशास्त्र. सिव्हिलच्या जलविज्ञानात तो येतो, पण पूर आणि धरणांच्या गडबडीत मागे पडतो.

'सेफ साइड' नावाची एकच बाजू असते, हा समज मला सगळ्यात जास्त खटकतो. एकाच नदीवरच्या मोरीसाठी मोठा पूर वाईट, माशांसाठी उन्हाळ्यातला किमान प्रवाह वाईट. आकडा कोणत्या नुकसानीसाठी धरला आहे हे लिहिलं नसेल, तर 'सेफ साइडला धरला' या शब्दांना काहीच अर्थ उरत नाही.

दुसरी चूक एकावर एक सुरक्षितता रचण्याची. सांडपाणी दिवसाला सरासरी १५०० घनमीटर आणि बीओडी (पाण्यातली सेंद्रिय घाण कुजवायला सूक्ष्मजीवांना लागणारा ऑक्सिजन) सरासरी २५० मिलिग्रॅम प्रति लिटर असेल तर भार ३७५ किलो. आता प्रवाहाला २.५ चा पीक फॅक्टर (कमाल प्रवाह सरासरीच्या किती पट) लावा आणि बीओडी सगळ्यात वाईट नमुन्यातली ४०० घ्या: भार थेट १५०० किलो, म्हणजे चौपट. पंपासाठी पीक प्रवाह हवाच. पण प्रवाहाचा आणि बीओडीचा उच्चांक एकाच वेळी येऊन दिवसभर टिकत नाही. पावसाचं पाणी शिरलं की प्रवाह वाढतो आणि बीओडी पातळ होते. चौपट भारावर बांधलेली वायुवीजन टाकी, म्हणजे हवा देऊन सूक्ष्मजीव वाढवायची टाकी, मग उपाशी राहते. सूक्ष्मजीवांना अन्न कमी पडतं, गाळ नीट बसत नाही, आणि हवा सोडणारे ब्लोअर विनाकारण वीज खातात. शिवाय अहवालात तेच १५०० किलो 'नदीत जाणारं प्रदूषण' म्हणून छापलं जातं. ते कोणी मोजलेलं नसतं.

उलटी चूक पर्यावरणशास्त्राकडून सिव्हिलकडे जाताना होते: सरासरी घेऊन डिझाइन करायचं. सरासरी प्रवाहावर काढलेली सांडपाण्याची वाहिनी सकाळच्या वापराच्या वेळी रोज तुंबते. आणि सरासरी तरी कोणती? कोलिफॉर्मचे (विष्ठेच्या प्रदूषणाची खूण मानल्या जाणाऱ्या जिवाणूंचे) पाच नमुने २०, ३०, ४०, ५० आणि ५००० आले, तर साधी सरासरी १०२८ आणि गुणोत्तरी मध्य (पाचही आकड्यांच्या गुणाकाराचं पाचवं मूळ) सुमारे ९०. जिवाणूंच्या संख्या अशाच तिरक्या विखुरलेल्या असतात, त्यामुळे नेहमीची परिस्थिती सांगायला गुणोत्तरी मध्य घ्या. पण तो ५००० फेकून देऊ नका. तो कधी आणि कशामुळे आला हे शोधायचं असतं.

बीओडीची चाचणी जवळून पाहिली की मोजलेला आकडा किती हलतो ते कळतं. ३०० मिलिलिटरची बाटली, पातळ केलेला नमुना, अंधार, २० अंश सेल्सिअस आणि ५ दिवस. काही ठिकाणी २७ अंशांवर ३ दिवस. शेवटी विरघळलेला ऑक्सिजन किमान २ मिलिग्रॅम प्रति लिटर घटलेला हवा आणि किमान १ उरलेला हवा. नाहीतर ती बाटली बाद. म्हणून एकाच नमुन्याचे दोन-तीन वेगवेगळे डायल्युशन, म्हणजे कमी-जास्त पातळ केलेल्या बाटल्या, लावतात. चाचणी नीट होते आहे का हे पाहायला ग्लुकोज आणि ग्लुटामिक आम्ल प्रत्येकी १५० मिलिग्रॅम प्रति लिटर असलेलं द्रावण वापरतात. त्याचं मान्य उत्तर १९८, अधिक-उणे ३०.५. घटक नेमके माहीत असलेल्या द्रावणातही १६८ पासून २२८ पर्यंतचं उत्तर चालतं! तरीही नदीच्या वरच्या बाजूला एक बाटली, खालच्या बाजूला एक बाटली, २८ आणि ३१ असे निकाल, आणि निष्कर्ष 'प्रदूषण वाढलं', असे अहवाल येत राहतात. किमान तीन-तीन बाटल्या लावा, वेगवेगळ्या दिवशी नमुने घ्या आणि विखुरणं दाखवा. बीओडी २१२.६४ असं दोन दशांशांपर्यंत लिहिणं तर निव्वळ निष्काळजीपणा आहे.

स्ट्रीटर आणि फेल्प्स यांनी ओहायो नदीच्या अभ्यासातून १९२५ मध्ये मांडलेलं समीकरण दोन्हीकडे शिकवतात. सांडपाणी मिसळल्यावर नदीतला ऑक्सिजन कसा घटतो आणि पुन्हा कसा भरतो, हे त्यातून निघतं. सिव्हिलमध्ये विघटनाचा दर कोष्टकातून येतो, दिवसाला ०.२३ वगैरे. पाणी उन्हाळ्यातलं, प्रवाह किमान धरायचा आणि किती भार सोडता येईल ते काढायचं. पर्यावरणशास्त्रात तोच दर नदीतल्या मोजमापांवरून काढायचा असतो. कोष्टकातला दर टाकून काढलेली वक्ररेषा मोजमापांशी जुळली नाही म्हणून मोजमापांना नावं ठेवणारे विद्यार्थी दरवर्षी दिसतात. आधी दर तपासा.

मातीत गोंधळ वेगळ्या तऱ्हेचा. ओली माती १२५ ग्रॅम, भट्टीत वाळवून १०० ग्रॅम. भूतंत्राच्या (बांधकामासाठी माती तपासण्याच्या शास्त्राच्या) हिशेबात ओलावा २५ टक्के, कारण भागाकार कोरड्या वजनाने. कंपोस्टच्या पद्धतीने तो २० टक्के, कारण भागाकार ओल्या वजनाने. मृदाशास्त्रातला आकारमानाचा हिशेब लावला, तर कोरडी घनता १.३ ग्रॅम प्रति घनसेंटिमीटर असताना ३२.५ टक्के. माती एकच, तरी भागाकार कशाने केला हे न लिहिता तक्ता जोडला की पुढचा सगळा हिशेब कोसळतो.

आणखी एक: प्रयोगशाळेचा निकाल 'शोधमर्यादेच्या खाली' (चाचणीला ओळखता येणाऱ्या किमान प्रमाणापेक्षा कमी) आला की तिथे शून्य भरू नका. शून्याचा अर्थ 'नाही' असा होतो. इथे अर्थ 'मर्यादेपेक्षा कमी, किती ते कळत नाही' असा आहे. जशी नोंद मिळाली तशीच ठेवा.

हे सगळं सांभाळायला वहीत चार रकाने पुरतात: मोजलेलं मूल्य, त्यातली अनिश्चितता, धरलेलं मूल्य, आणि ते कोणत्या नुकसानीविरुद्ध धरलं. पाणथळीच्या उदाहरणात गुणांकाच्या दोन ओळी होतील, एक गटारासाठी आणि एक पाणथळीसाठी. एकच ओळ दिसली तर तिथेच थांबून पाहा.

विषय निवडताना संख्याशास्त्र जलविज्ञानाच्या आधी घ्या, आणि रसायनशास्त्र सांडपाणी प्रक्रियेच्या आधी. पाणी शुद्धीकरणाचा ऐच्छिक पेपर दोन्ही विभागांत असेल तर तो सिव्हिलमध्येच करा. पर्यावरणशास्त्रात मोकळी झालेली जागा मृदाशास्त्र किंवा जलपरिसंस्थेला द्या. पर्यावरणीय परिणाम मूल्यमापनाचा पेपर मात्र शेवटच्या वर्षाआधी घेऊ नका. त्यात धरलेले आणि मोजलेले आकडे एकाच तक्त्यात शेजारी बसतात, आणि ते वेगळे ओळखायची सवय नसेल तर तो पेपर केवळ पाठांतर होतो.