शेजार मोजायचा कसा?

व्हेनिसमध्ये रिआल्तो पुलाजवळ मोरेल्ली नावाचं औषधांचं दुकान आहे. दुकानाच्या काचेत २००८ पासून एक दिव्यांचा फलक लावलेला आहे. त्यावर एकच आकडा दिसतो : शहराच्या जुन्या भागात सध्या किती माणसं राहतात. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला इथली वस्ती पावणेदोन लाखांच्या आसपास होती. ऑगस्ट २०२२ मध्ये ती ५० हजारांच्याही खाली गेली.

सुट्टीपुरती चार-दोन रात्री भाड्याने दिली जाणारी घरं समोर असली की याचं सगळं खापर त्यांच्यावर फोडायचा मोह होतो. पण व्हेनिस रिकामं व्हायला लागलं तेव्हा घरबसल्या खोली बुक करायची सोय कुणाच्या स्वप्नातही नव्हती. पर्यटकांची गर्दी, महागलेली घरं आणि निघून जाणारे रहिवासी एकाच गल्लीत एकत्र सापडतात. त्यातलं कशामुळे काय झालं, हे नुसतं बघून कळत नाही. या विषयातली खरी मेहनत तिथेच आहे.

आधी धंद्याचं गणित बघू. २००७ मध्ये सॅन फ्रान्सिस्कोत एका परिषदेमुळे हॉटेलं भरून गेली होती. तेव्हा दोघा मित्रांनी आपल्याच घरात हवा भरायच्या गाद्या टाकून तीन पाहुण्यांची सोय केली, रात्रीचे ८० डॉलर घेऊन. त्यातून पुढच्या वर्षी एअरबीएनबी ही घरबसल्या अशा खोल्या बुक करून देणारी कंपनी उभी राहिली. मूळ कल्पना साधी होती : मालक घरातच राहणार आणि एखादी जास्तीची खोली पाहुण्याला देणार. नंतर खोलीच्या जागी अख्खं घर आलं आणि मालक त्यातून बाहेर पडला. वादाची जड बाजू ही आहे. खोली देणारा घरमालक आणि वीस फ्लॅट चालवणारी कंपनी यांना एकाच तागडीत तोलणारी चर्चा मला तरी फुकटची वाटते.

एका रात्रीचा दर महिन्याच्या भाड्याच्या एक दशांश मिळत असेल, तर दहा रात्रींत महिन्याचं भाडं वसूल होतं. उरलेल्या रात्रींपैकी निम्म्या रिकाम्या गेल्या, सफाई आणि कमिशन वजा केलं, तरी पर्यटक परवडतो. भूगोलतज्ज्ञ नील स्मिथ यांनी १९७९ मध्ये जागेचं आजचं उत्पन्न आणि तिच्यातून मिळू शकणारं उत्पन्न यांच्यातल्या दरीची कल्पना मांडली होती. ही दरी रुंदावली की पैसा तिकडे धावतो. पूर्वी ती भरून काढायला इमारत पाडावी लागे, निदान मोठी डागडुजी तरी करावी लागे. आता एक वीटही न हलवता काम होतं. भाडेकरूचा करार संपला, चार फोटो टाकले, दाराशी आकडे जुळवून उघडणारी किल्लीची पेटी टांगली की झालं.

मग भाडी किती वाढतात? एअरबीएनबीवरची घरं आणि भाडी एकत्र वाढताना दिसली, तरी त्यातून काही सिद्ध होत नाही. वस्तीला भाव आला म्हणून पर्यटक आले, असंही असू शकतं. बॅरन, कुंग आणि प्रोसेर्पियो या संशोधकांनी अमेरिकेपुरती यावर एक युक्ती काढली. एअरबीएनबी हा शब्द लोक गूगलवर किती शोधतात, हे देशभर काळानुसार बदलत गेलं. त्याची सांगड त्यांनी प्रत्येक भागात सुरुवातीलाच किती खाणावळी आणि हॉटेलं होती याच्याशी घातली. म्हणजे ज्या लाटेशी त्या भागातल्या घरबाजाराचा थेट संबंध नाही, तिचा धक्का कुठे किती बसला ते मोजलं. २०२१ मध्ये छापलेला निष्कर्ष असा : एअरबीएनबीच्या यादीतली घरं १ टक्क्याने वाढली की भाडं ०.०१८ टक्क्याने आणि घराची किंमत ०.०२६ टक्क्याने वाढते. आकडा अगदीच किरकोळ वाटतो. पण त्या काळात यादी वर्षाला १ टक्क्याने वाढत नव्हती, ती कितीतरी पटींनी फुगत होती. जिथे मालक स्वतःच राहतात अशा भागांत परिणाम कमी दिसला, कारण स्वतःचं घर सोडून कुणी ते पर्यटकाला देत नाही.

बार्सिलोनाच्या अभ्यासात सरासरी भाडेवाढ १.९ टक्के निघाली, पण सर्वाधिक पर्यटक-घरं असलेल्या वस्त्यांत ती ७ टक्क्यांपर्यंत गेली. सरासरी बघणाऱ्याला प्रश्नच दिसत नाही आणि त्या गल्लीत राहणाऱ्याला दुसरं काही दिसत नाही. लॉस एंजेलिस परिसरात तर प्रयोग आयताच हाती लागला. तिथल्या ८८ नगरपालिकांपैकी १८ नगरपालिकांनी अशा घरांवर बंधनं आणली, तीही वेगवेगळ्या वेळी. संशोधकांनी हद्दीच्या अलीकडची आणि पलीकडची घरं ताडून पाहिली : बंधनं आलेल्या बाजूला यादी जवळजवळ निम्मी झाली आणि किमती सुमारे २ टक्क्यांनी उतरल्या.

पर्यटकाच्या बाजूने बघितलं तर फायदा उघड आहे. हॉटेलच्या खोल्या मोसमात वाढत नाहीत, घरं मात्र मागणी येताच यादीवर येतात. टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात या स्पर्धेने हॉटेलांचं उत्पन्न ८ ते १० टक्क्यांनी घटवलं, आणि मार बसला तो मुख्यतः स्वस्त हॉटेलांना. गर्दीच्या दिवसांत मनमानी दर लावणंही त्यांना जड गेलं.

पण भाडं हा मोजायला सोपा भाग. मला जास्त गुंतवून ठेवतो तो बॉस्टनचा अभ्यास. पर्यटक आले की दंगा, चोऱ्यामाऱ्या, भांडणं वाढतात, अशी सर्वसाधारण समजूत असते. २०२१ मध्ये ‘प्लॉस वन’ या नियतकालिकात आलेल्या या अभ्यासात पोलिसांना आलेल्या तातडीच्या कॉलच्या नोंदी वापरल्या होत्या. गंमत अशी, की पाहुण्यांची वर्दळ किती आहे यावरून हिंसेचा अंदाज बांधता आला नाही. तो आला वस्तीतल्या किती इमारतींत अशी घरं आहेत यावरून. आणि हिंसा लगेच वाढली नाही, वर्ष-दोन वर्षं गेल्यावर वाढली. पर्यटकांचा दोष असता तर ते आल्या आल्या दिसला असता. संशोधकांचा कौल असा, की पाहुण्याने काय केलं यापेक्षा तिथे आता कोण राहत नाही, हे महत्त्वाचं.

हे पटायला शिकागोचा एक जुना अभ्यास मदत करतो. १९९५ मध्ये तिथल्या ३४३ वस्त्यांतल्या ८,७८२ रहिवाशांना साधे प्रश्न विचारले होते. शाळा बुडवून पोरं कोपऱ्यावर उभी राहिली, तर तुमच्या शेजारचं कुणी हटकेल का? भिंतीवर कुणी रंग फासत असेल, तर? जिथे ‘हो, हटकेल’ असं उत्तर आलं, तिथे हिंसा कमी होती. गरिबी वगैरे गोष्टी हिशेबात धरूनही. हटकायला आधी पोरगं कुणाचं आहे ते माहीत असावं लागतं. जिन्यात रोज नवा चेहरा आणि नवी चाकांची बॅग दिसू लागली, की अनोळखी माणूस दिसला म्हणून थबकण्याची सवयच मोडते. जुना रहिवासी कुणालाच हटकेनासा होतो.

नियम आता जागोजागी आलेत. आम्स्टरडॅमने २०१९ मध्ये अख्खं घर देण्यावर वर्षाला ३० रात्रींची मर्यादा घातली, लंडनमध्ये ती ९० रात्रींची आहे. न्यूयॉर्कने सप्टेंबर २०२३ पासून ३० दिवसांहून कमी मुक्कामासाठी यजमानाने घरातच राहण्याची अट काटेकोरपणे राबवायला घेतली; पाहुणेही दोनपेक्षा जास्त नाहीत. म्हणजे गाडी फिरून पुन्हा त्या हवेच्या गाद्यांपाशी आली. बार्सिलोनाने २०२४ मध्ये जाहीर केलं, की नोव्हेंबर २०२८ पर्यंत पर्यटक-फ्लॅटचे सगळे १०,१०१ परवाने संपवायचे.

व्हेनिसमध्ये २०२३ साली दुसरा एक फलक लागला, सांता मार्गेरिता चौकातल्या पुस्तकांच्या दुकानात. तो मोजतो शहरातल्या पर्यटकांसाठीच्या खाटा, हॉटेलांतल्या आणि घरांतल्या मिळून. औषधांच्या दुकानापासून तो पायी पंधरा-वीस मिनिटांवर आहे. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये खाटांचा आकडा माणसांच्या आकड्याच्या पुढे गेला.