"पोट्टा परमनंट हाय का?"

आमच्याकडे लग्नाच्या बोलणीत पहिला प्रश्न हाच, वावर किती ते नंतर. पण ज्या विदर्भात हे इतकं विचारतात तिथं परमनंट नोकरी ही भानगडच फार जुनी नाही बाप्पा.

पहिले आली ती सीझनची नोकरी. 1861 ला अमेरिकेत यादवी पेटली, इंग्लंडच्या गिरण्यांना तिकडचा कापूस मिळेना, मग त्यांची नजर आपल्या कापसावर गेली, 1867 ला रेल्वे नागपूरपर्यंत पोचली आणि पुढे खामगाव, अमरावती, हिंगणघाट सगळीकडे जिनिंग-प्रेसिंग, म्हणजे कापसातली सरकी काढून रुईच्या गाठी बांधणारे कारखाने, उभे झाले. दिवाळीच्या आसपास सुरू, उन्हाळा तापला की गेटला कुलूप, मजूर परत वावरात. कोणी तक्रारही करत नसे, कारण शेतीही तशीच.

बाराही महिन्यांच्या पगाराची चव लावली ती गिरणीनं. 1 जानेवारी 1877 ला जमशेटजी टाटांची एम्प्रेस मिल नागपुरात सुरू झाली, 1886 ला तिथं कामगारांसाठी पेन्शन फंडही आला. मग हिंगणघाट, पुलगाव, बडनेरा, अचलपूर. "गिरणीत लागला" म्हटलं की पोरगी द्यायला लोक तयार. शंभरेक वर्षं चाललं हे, 1986 ला एम्प्रेस सरकारनं ताब्यात घेतली न 2002 ला बंदच झाली.

तोवर गावानं दुसरी गिरणी शोधली होती, मास्तरकी. पण 2000 पासून नव्या मास्तराला पहिली तीन वर्षं मानधनावर शिक्षणसेवक, 2013 पासून टीईटी म्हणजे शिक्षक पात्रता परीक्षा, डीएड झालेले पोट्टे घरीच. 2001 ला एमएससीआयटी ही कॉम्प्युटरची परीक्षा आली तर सगळे तिकडे पळाले, ते सर्टिफिकेट माझ्याही फायलीत आहे, उपयोग झेरॉक्स काढण्यापुरता. 2023 च्या सप्टेंबरात सरकारनं कंत्राटी भरतीचा जीआर काढला, बोंब झाली तसा ऑक्टोबरात मागे घेतला, पण धसका बसायचा तो बसलाच.

आता माझे मोठेबाबा, म्हणजे मोठे काका. जन्मभर एक दिवसही परमनंट नव्हते, जिनिंगमधले फिटर. रेच्याच्या, म्हणजे सरकी काढायच्या यंत्राच्या, चामड्याच्या रोलरवर सुरी किती दाबलीय ते हात लावून सांगायचे, सुरी जास्त दाबली तर रोलर तापतो, आग लागायची भीती, सेटिंग चुकलं तर सरकी फुटून रुईत येते न भाव पडतो. ज्या जिनात ते शिकले ते कधीचं बंद पडलं, तिथं आता मंगल कार्यालय आहे. दुसऱ्या दोन जिनवाल्यांचे फोन मात्र दसऱ्याच्या आधीच यायचे, आणि उन्हाळ्यात ओसरीवर गावातल्या जळालेल्या मोटारी वायंडिंगला पडलेल्या असायच्या. ते काम त्यांना कोणी शिकवलं नव्हतं, एक मोटार खोलून पाहिली, मोठीआईनं तारेचे वेढे मोजून पोराच्या वहीत लिहिले. ती वही अजून आहे, अर्धी पाढ्यांची, अर्धी मोटारींची.