अस्वलाची शिकार व अस्वलापासून बचाव : बंदूक आणि काडतुसाची निवड

काळे अस्वल, तपकिरी अस्वल (ग्रिझली आणि कोडियाक अस्वले ही त्याचीच रूपे) आणि ध्रुवीय अस्वल यांच्या मुलखात शिकारीसाठी किंवा स्वसंरक्षणासाठी कोणते शस्त्र आणि कोणती गोळी बाळगावी, याचा विचार या नोंदीत केला आहे. या विषयावरचे बहुतेक वाद कॅलिबरवर, म्हणजे गोळीच्या जाडीवर होतात. खरा फरक मात्र गोळीच्या बांधणीने आणि नेमबाजाच्या हाताने पडतो.

शिकारी आणि वाटसरू यांच्या गरजा एक नाहीत. शिकाऱ्याला अंतर, कोन आणि क्षण निवडता येतो. अस्वल बेसावध आणि आडवे उभे राहीपर्यंत तो थांबू शकतो, नाहीच राहिले तर गोळी न झाडता परतू शकतो. बचावाच्या वेळी हे सगळे अस्वलाने ठरवलेले असते. तपकिरी अस्वल ताशी सुमारे ५० किलोमीटर वेगाने धावते, म्हणजे ३० मीटर अंतर कापायला त्याला जेमतेम दोन सेकंद लागतात. झुडपांच्या रानात तर ते तीस मीटरवरून दिसतही नाही.

अस्वल चिवट असते, हे गोऱ्या प्रवाशांना फार लवकर कळले. ५ मे १८०५ रोजी मिसूरी नदीकाठी अमेरिकेच्या पश्चिमेचा शोध घ्यायला निघालेल्या लुइस-क्लार्क मोहिमेतील विल्यम क्लार्क आणि जॉर्ज द्रुइलार यांनी एक ग्रिझली मारले. फुप्फुसांतून पाच आणि इतरत्र पाच गोळ्या लागूनही ते निम्म्याहून अधिक पात्र पोहून गेले आणि त्यानंतरही बराच वेळ जिवंत होते, असे मेरिवेदर लुइसने रोजनिशीत लिहून ठेवले आहे. त्यांच्याकडे तोंडाकडून ठासायच्या बंदुका आणि शिशाच्या गोल गोळ्या होत्या. अशी गोळी लवकर वेग गमावते, फार खोल जात नाही आणि दुसरी ठासेपर्यंत जखमी जनावर अंगावर येते.

अस्वलाची शरीररचना गोळीची परीक्षा पाहणारी असते. खांद्यावर स्नायूंचा जाड थर आणि भक्कम हाडे, वर चरबी, त्यावर दाट केस. चरबी जखमेच्या तोंडाशी येऊन ती बुजवते, केस रक्त शोषून घेतात आणि जखमी अस्वलाचा माग काढायला जमिनीवर रक्ताचे थेंबही मिळत नाहीत. म्हणून गोळी शरीरातून आरपार जावी, असे अनुभवी शिकारी म्हणतात. दोन भोके पडली तर रक्ताचा माग मिळण्याची शक्यता वाढते.

साधी मऊ टोकाची शिकारी गोळी आत शिरल्यावर पसरते. हरणासाठी ते उत्तम, पण मोठ्या अस्वलाच्या खांद्यावर वेगवान, हलकी गोळी वरच्यावर फुटून जाऊ शकते. १९४८ मध्ये जॉन नोस्लर यांनी बाजारात आणलेल्या गोळीत मध्ये तांब्याचा आडवा पडदा असतो. पुढचा भाग पसरतो, मागचा तसाच आत घुसत राहतो. पुढे शिसे आवरणाला पक्के चिकटवलेल्या गोळ्या आल्या, अखंड तांब्याच्या गोळ्याही आल्या. कागदावरचे ऊर्जेचे आकडे पाहून काडतूस घेणाऱ्याने आधी गोळीची ही बांधणी पाहावी.

काळ्या अस्वलासाठी .३०८ विंचेस्टर, .२७० किंवा .३०-०६ ही हरणांच्या शिकारीतली नेहमीची काडतुसे पुरतात (नावातला पहिला आकडा म्हणजे गोळीची इंचांतली जाडी). दाट रानात जवळून मारायचे असेल तर जुनी .३०-३० सुद्धा चालते. तपकिरी अस्वलाच्या शिकारीत .३३८ विंचेस्टर मॅग्नम (१९५८) आणि .३७५ एच अँड एच मॅग्नम (१९१२) या जादा ताकदीच्या, म्हणजेच मॅग्नम काडतुसांचा मान मोठा. दुसरे काडतूस आफ्रिकेतल्या मोठ्या जनावरांसाठी लंडनच्या हॉलंड अँड हॉलंडने काढले. सुमारे ३०० ग्रेनची, म्हणजे १९ ग्रॅमहून थोडी जड गोळी ते फेकते. तरीही अलास्काच्या वन्यजीव खात्याचा सल्ला वेगळाच आहे : नव्याकोऱ्या मॅग्नमचा धक्का सोसत नेम चुकवणाऱ्या पाहुण्यापेक्षा .२७० किंवा .३०-०६ अचूक चालवणारा शिकारी वाटाड्यांना परवडतो. धक्क्याच्या धास्तीने चाप हिसकला गेला की काडतुसाची सारी ताकद वाया जाते.

१९८३ मध्ये अमेरिकेच्या वनसेवेने अलास्कात काम करणाऱ्या माणसांसाठी एक चाचणी प्रसिद्ध केली. त्यात सुमारे १४ मीटरवरून वेगवेगळी काडतुसे झाडून पाहिली होती. .४५८ विंचेस्टर, .३७५ आणि .३३८ वरच्या रांगेत आली, हे अपेक्षितच होते. लक्षात राहण्याजोगी गोष्ट म्हणजे २२० ग्रेनच्या जड गोळीसह १९०६ सालची .३०-०६ त्यांच्या जवळपास पोहोचली. हातातली पिस्तुले आणि रिव्हॉल्व्हर बरीच मागे राहिली.

आता उलट बाजूचा दाखला. १९५३ मध्ये कॅनडातील अल्बर्टात स्लेव्ह लेकजवळ बेला ट्विन या क्री आदिवासी स्त्रीने .२२ च्या एकनळी, एकबारी रायफलीने त्या काळचे विक्रमी ग्रिझली मारले. ही गोष्ट .२२ ची शिफारस म्हणून सांगितली जाते तेव्हा काळजी वाटते. कवटीच्या नेमक्या जागी गोळी लावणारा हात आणि नशीब दुकानात मिळत नाही.

बचावासाठी रायफल घ्यायची तर ती आखूड, खांद्याला चटकन लागणारी आणि लगेच दुसरी गोळी देणारी असावी. बोल्टची, म्हणजे दर गोळीनंतर हाताने खिटी मागेपुढे सरकवायची रायफल सर्वांत भरवशाची मानतात. लिव्हरच्या, म्हणजे चापाखालची दांडी ओढून पुढची गोळी चढवायच्या रायफलीत १८७३ पासून चालत आलेले .४५-७० हे रुंद, जड गोळीचे काडतूस लोकप्रिय आहे. जास्त मोठेपणा देणारी दुर्बीण इथे अडचण करते, समोर सगळा केसांचा पडदाच दिसतो. १२ बोअरची, एरवी छरे उडवणारी रुंद नळीची बंदूकही बाळगतात. मात्र तिच्यात कठीण शिशाची एकच जड गोळी हवी. मोठे छरे मोठ्या अस्वलात खोल जात नाहीत आणि मऊ शिशाची पोकळ गोळी हाडावर चपटी होते.

कमरेचे शस्त्र ताकदीने कमी, पण मासे पकडताना किंवा तंबू ठोकताना अंगावर तेच असते. १९५५ चे .४४ मॅग्नम, .४५४ कॅसुल आणि २००३ चे .५०० एस अँड डब्ल्यू ही रिव्हॉल्व्हरची काडतुसे. यांत पसरणारी गोळी घेणे ही नेहमीची चूक आहे. चपट्या नाकाची, कठीण ओतीव शिशाची जड गोळीच इथे कामाची. .५०० हातात घेऊन सलग नेम धरणे फार थोड्यांना जमते, म्हणून अलीकडे अनेकजण १० मिमीच्या अर्धस्वयंचलित पिस्तुलाकडे वळले. ग्रीनलंडमधील डेन्मार्कच्या सिरियस गस्तीपथकाने ९ मिमी ध्रुवीय अस्वलासमोर अपुरे ठरते म्हणून हेच काडतूस घेतले. त्यांच्या रायफली मात्र कित्येक वर्षे पहिल्या महायुद्धाच्या काळातल्या, .३०-०६ च्या होत्या. कडाक्याच्या थंडीत वंगण घट्ट होऊन शस्त्र अडते, तेव्हा साधी यंत्रणा उपयोगी पडते.

शस्त्राने किती फरक पडतो? टॉम स्मिथ, स्टीफन हेरेरो आणि सहकाऱ्यांनी अलास्कातील १८८३ ते २००९ मधल्या २६९ प्रसंगांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. पिस्तुले-रिव्हॉल्व्हर ८४ टक्के आणि लांब नळीची शस्त्रे ७६ टक्के वेळा उपयोगी ठरली. आकड्यांवरून पिस्तूल श्रेष्ठ म्हणणे घाईचे, कारण त्या गटातले प्रसंग फार थोडे होते. शस्त्र वापरणाऱ्या आणि न वापरणाऱ्या माणसांच्या दुखापतींत ठळक फरक मात्र आढळला नाही. याच मंडळींच्या २००८ च्या अभ्यासात मिरचीच्या तिखटाचा फवारा तपकिरी अस्वलाला ९२ टक्के प्रसंगांत थोपवणारा ठरला. फवाऱ्याला अचूक नेम लागत नाही. वारा उलटा असेल तर तो आपल्याच डोळ्यांत जातो, हा त्याचा दोष.

कायदे जागेनुसार बदलतात. नॉर्वेच्या स्वालबार्डमध्ये ध्रुवीय अस्वलाची शिकार १९७३ पासून बंद आहे, पण वस्तीबाहेर जाणाऱ्याने अस्वल हुसकावण्याचे साधन सोबत ठेवणे बंधनकारक आहे. म्हणून तिथे आधी प्रकाशगोळ्यांचे पिस्तूल आणि शेवटचा उपाय म्हणून रायफल असा क्रम असतो. वस्तीत भरलेले शस्त्र नेता येत नाही. अलास्कात तपकिरी अस्वलाच्या शिकारीला येणाऱ्या बाहेरच्या शिकाऱ्याला परवानाधारक वाटाड्या किंवा तिथे राहणारा जवळचा नातेवाईक सोबत लागतो. जीव वाचवण्यासाठी अस्वल मारले तर सरकारला कळवावे लागते आणि नख्यांसकट कातडे व कवटी जमा करावी लागते. सोलण्याचे काम ज्याने गोळी झाडली त्याचेच.