तुरुंगातलं पत्र आणि तुरुंगाचं बॅलड

आयरिश लेखक ऑस्कर वाइल्डच्या दोन रचनांवर एकच शिक्का मारला जातो: 'तुरुंगात बसून लिहिलेलं'. 'डी प्रोफुंडिस' या पत्राला तो लागू पडतो. 'द बॅलड ऑफ रेडिंग जेल' या बॅलडला, म्हणजे कथाकाव्याला, मात्र नाही. गंमत अशी की तुरुंग बघायचा असेल तर बाहेर लिहिलेलं बॅलडच उघडावं लागतं. (तुरुंगात लिहिलेलं म्हणजे तुरुंगावर लिहिलेलं नव्हे, हे 'गीतारहस्य' माहीत असलेल्याला सांगायला नको.)

वाइल्डला २५ मे १८९५ रोजी दोन वर्षांची सक्तमजुरी झाली. नोव्हेंबरात त्याला इंग्लंडमधल्या रेडिंगच्या तुरुंगात हलवलं. तिथे जुलै १८९६ मध्ये मेजर नेल्सन हे तुरुंगाचे नवे गव्हर्नर आले आणि त्यांच्यामुळे त्याला लेखनसाहित्य मिळालं. जानेवारी ते मार्च १८९७ या काळात त्याने २० मोठ्या निळसर कागदांवर, ८० पानांचं पत्र लिहिलं. ते पाठवायची परवानगी मिळाली नाही. सुटताना हातात ठेवलं गेलं. पत्र आहे त्याचा प्रियकर लॉर्ड आल्फ्रेड डग्लसला. त्यात आधी पैशांचा, जेवणावळींचा, भांडणांचा हिशेब, आणि मग दुःख, कला, ख्रिस्त. कोठडीचं वर्णन त्यामानाने थोडंच. बोलणारा एकटा 'मी', ऐकणारा एकच माणूस.

बॅलडमध्ये बोलतात 'आम्ही'. १९ मे १८९७ ला सुटल्यावर वाइल्डने ते फ्रान्सच्या किनाऱ्यावर बर्नव्हाल इथे लिहायला घेतलं आणि नेपल्समध्ये पुरं केलं. विषय आहे घोडदळातला शिपाई चार्ल्स वूल्ड्रिज. बायकोचा खून केला म्हणून त्याला ७ जुलै १८९६ रोजी रेडिंगमध्येच फाशी दिली. फेऱ्या मारणारे कैदी, डांबरी दोर उसवणं, फाशीच्या आदल्या रात्रीची जाग, प्रेतावर टाकलेला चुना, सगळं यात आहे.

बांधणी ठसठशीत आहे. पारंपरिक बॅलडचं कडवं चार ओळींचं. वाइल्डने सहा ओळींचं केलं. विषम ओळींत चार आघात, सम ओळींत तीन, आणि यमक फक्त दुसऱ्या, चौथ्या, सहाव्या ओळीला. अशी १०९ कडवी, सहा भागांत. त्या दोन जादा ओळींमुळे थबकायला जागा मिळते, पण तेच ते शब्द फिरून येऊन शेवटच्या भागांत कविता प्रवचनाकडे झुकते. काही भाग कविता, काही प्रचार, असं खुद्द वाइल्डनेच पत्रात कबूल केलं होतं. मराठीत आणताना पोवाड्याचा जोश लावला तर हमखास बिघडते, कारण इथे वीर कोणी नाही. फाशी जाणारा जवळपास गप्पच आहे.

बॅलडला कोर्टाचा कागद समजू नये. पहिल्याच ओळीत लाल कोटाचा उल्लेख आहे, पण वूल्ड्रिजच्या पलटणीचा गणवेश निळा होता. कवितेत बाई बिछान्यात मारली जाते. प्रत्यक्षात खून घराबाहेर, विंडसरजवळ झाला. लाल रंग रक्त आणि दारूशी जुळतो, म्हणून तो आला.

प्रती घेताना गोंधळ होतो तो पत्राच्या बाबतीत. बॅलड १८९८ मध्ये 'सी.३.३.' या नावाने छापलं गेलं: सी विभाग, तिसरा मजला, तिसरी कोठडी. लेखकाचं नाव मुखपृष्ठाआतल्या पानावर आलं १८९९ मध्ये, सातव्या आवृत्तीत. संहिता मात्र जवळजवळ तीच. पत्राचं तसं नाही. वाइल्डचा मित्र रॉबर्ट रॉसने १९०५ मध्ये डग्लसचा मजकूर काढून निम्म्याहून कमी भाग छापला. 'डी प्रोफुंडिस' हे नावही त्याचंच. मूळ हस्तलिखित त्याने १९०९ मध्ये ब्रिटिश म्युझियमला ५० वर्षं बंद ठेवण्याच्या अटीवर दिलं. १९४९ ची आवृत्ती टंकलिखित प्रतीवरून, चुकांसह निघाली. हस्तलिखिताबरहुकूम पूर्ण मजकूर १९६२ च्या पत्रसंग्रहात आला. ओळखायचं सोपं आहे: सुरुवात 'प्रिय बोझी'ने (बोझी हे डग्लसचं लाडकं नाव) असेल तर पूर्ण पत्र, 'दुःख म्हणजे एक लांबलचक क्षण' अशा वाक्याने असेल तर रॉसची काटछाट. इंटरनेटवर फुकट मिळते ती बहुधा दुसरी.