मॉडेल रेल्वेचा रीफर डबा मूळ डब्याशी जुळतो का, हे कसं बघायचं

मॉडेल रेल्वेवाल्यांमध्ये अमेरिकन रीफर, म्हणजे बर्फावर थंड राहणारे फळांचे आणि मांसाचे डबे, भलतेच लोकप्रिय आहेत. रंगच तसे, भडक नारिंगी नाहीतर पिवळे. पण हे मॉडेल मूळ डब्याशी किती जुळतं असं विचारलं की बहुतेक जण डिटेल्स मोजायला लागतात, किती दांडे वेगळे बसवलेत, रिव्हेट किती दिसतात वगैरे. मला हे उलटं वाटतं. आधी एक वर्ष ठरवा, आणि मग डब्यावरची प्रत्येक खूण त्या वर्षात बसते का ते बघा. रीफरमध्ये हे छान जमतं, कारण त्याचा जवळपास प्रत्येक भाग एकतर उष्णतेच्या फिजिक्समुळे तिथे असतो नाहीतर कुठल्यातरी तारखेच्या नियमामुळे.

फिजिक्स आधी. डब्याच्या दोन्ही टोकांना बर्फाचा एकेक कप्पा, आणि छतावर चार कोपऱ्यांत चार झाकणं, त्यातून बर्फ टाकायचा. दोन्ही कप्पे मिळून साधारण १०,००० पौंड, म्हणजे साडेचार टन बर्फ. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषून घेतो, त्या हिशोबाने एका डब्यातला बर्फ विजेच्या चारशेहून जास्त युनिटांइतकी उष्णता खातो. बहुतेक जुन्या डब्यांत पंखा नाही, मोटर नाही, थंड हवा जड म्हणून बर्फाच्या कप्प्यातून खाली येते, फळांच्या पेट्यांखाली जे लाकडी जाळीचं फ्लोअर असतं त्यातून सरकते, गरम झाली की वर चढते आणि वरच्या बाजूने परत बर्फाकडे जाते. कॅलिफोर्नियातल्या सॅलिनासचा लेट्यूस न्यूयॉर्कला पोचायला आठवडा किंवा जास्त लागायचा आणि वाटेत पुन्हा पुन्हा बर्फ भरावा लागायचा, त्यासाठी छताच्या उंचीचे लांबलचक प्लॅटफॉर्म होते आणि माणसं डब्यांच्या छतांवरून चालत काम करायची. म्हणून छतावरची ती चालायची फळी आणि झाकणांचे खटके मॉडेलमध्ये नीट असलेच पाहिजेत. बर्फ न भरता नुसत्या वाऱ्यावर माल न्यायचा असेल तर हीच झाकणं थोडी उघडी टेकवून ठेवायचे, त्यामुळे अर्धवट उघडी झाकणं दाखवलेलं मॉडेल चुकीचं नाही, उलट ज्याने केलं त्याला विषय कळलाय.

मांसाच्या डब्याची गोष्ट वेगळी. त्यात फोडलेल्या बर्फात मीठ घालायचे, आपण पॉट आईस्क्रीमला खडेमीठ घालतो ना, अगदी त्याच कारणासाठी, तापमान शून्याच्या खाली जातं. त्या खाऱ्या पाण्याने लोखंड गंजतं, म्हणून मांसाच्या डब्यावर झाकणांखाली गंजाचे ओघळ शोभतात. संत्र्यांच्या डब्यावर कोणी तसेच जाड ओघळ रंगवले तर मला ते खटकतं.

आता मापं. एचओ स्केल म्हणजे १:८७.१, त्यात ४० फुटी डबा १४० मिलिमीटरचा. बर्फाच्या कप्प्यांमुळे आत मालाला जागा ३३ फुटांच्या आसपासच उरते, पण बाहेरून ते कळत नाही, बाहेरून कळतं ते दार. साध्या बंद मालडब्याचं दार सरकतं आणि बहुधा ६ फूट रुंद, बर्फाच्या रीफरचं मात्र बिजागरीवर उघडणारं दोन पाखांचं, जेमतेम ४ फूट, कारण जितकी फट मोठी तितकी थंडी बाहेर. व्हर्नियर लावा, १४ मिलिमीटर आलं तर ठीक, २१ आलं तर कोणीतरी मालडब्याच्या साच्यावर झाकणं चिकटवलीत. सरकणारी मोठी दारं रीफरला आली ती पुढे, १९५० च्या दशकात.

मग डबा उलटा करा, हे फार कमी लोक करतात. एबी हा हवेच्या दाबावर चालणाऱ्या ब्रेकचा एक प्रकार, त्याचे तीन भाग, सिलिंडर, हवेची टाकी आणि व्हॉल्व्ह, वेगवेगळे टांगलेले असतात. १९३३ पासून नवीन डब्यांना तोच लागायचा. त्याआधीच्या के ब्रेकमध्ये बहुतेक वेळा सगळं एकाच लांबट तुकड्यात असतं, आणि १९५३ नंतर तसा डबा एका कंपनीच्या रुळावरून दुसरीच्या रुळावर जाऊ शकत नव्हता. आर्च बार, म्हणजे डब्याखालचे लोखंडी पट्ट्या जोडून केलेले चाकांचे जुने सांगाडे, त्यांना तीच बंदी १९४० मध्ये आली. छतावरची फळीही बघा, १९४० च्या दशकाच्या मध्यापासून नवीन डब्यांना लाकडाऐवजी लोखंडी जाळी आली. आणि बाजूवर वजनाजवळ डबा शेवटचा कधी वजन केला त्याची स्टेन्सिलने बारीक तारीख असते, ती भिंगाने वाचा. तिथे १९४८ लिहिलंय आणि खाली आर्च बार आहेत, तर बाकी रिव्हेट कितीही सुंदर असोत, असा डबा देशभर फिरूच शकला नसता.

सगळ्यात जास्त गोंधळ जाहिरातींच्या डब्यांचा. बिअर, चीज, मांसाच्या कंपन्यांच्या मोठ्या जाहिराती भाड्याच्या रीफरवर रंगवायचे. अमेरिकेत रेल्वेचे नियम करणाऱ्या इंटरस्टेट कॉमर्स कमिशनने १९३४ मध्ये ते थांबवलं, कारण एकाच्या जाहिरातीच्या डब्यात दुसरा आपला माल कसा घालणार, आणि फुकटची जाहिरात म्हणजे भाड्यात आडून दिलेली सूटच की. १९३७ च्या सुरुवातीपर्यंत तसले जुने डबेही पुसले गेले. त्या काळचे हे डबे बहुतांश लाकडी फळ्यांचे. त्यामुळे युद्धानंतरच्या धाटणीच्या पोलादी डब्यावर बिअरची रंगीत जाहिरात दिसली की ते मॉडेल दिसायला गोड असेल, मूळ डबा असा नव्हता.

पण लाकूड म्हणजे जुनं आणि पोलाद म्हणजे नवं असं सरधोपट धरू नका. पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेस, म्हणजे युनियन पॅसिफिक आणि सदर्न पॅसिफिकची १९०६ ची जोडकंपनी, हिने १९३६ मध्ये आर-४०-१० नावाचे पोलादी डबे आणले, तरी तिचे लाकडी डबे पुढे कितीतरी वर्षं त्याच गाड्यांत धावत होते. १९४७ च्या गाडीत दोन्ही शेजारी शेजारी लावा, बिनधास्त.

रंग मी सगळ्यात शेवटी तपासते. पॅसिफिक फ्रूट एक्सप्रेसच्या बाजू १९२९ पर्यंत पिवळ्या होत्या, मग नारिंगी झाल्या, एवढं पक्कं, पण नेमकी छटा जुन्या कृष्णधवल फोटोवरून ठरत नाही, त्यातही ऑर्थोक्रोमॅटिक फिल्मला लाल दिसतच नाही, त्यामुळे नारिंगी आहे त्यापेक्षा गडद येतो. म्युझियममधल्या डब्याचा आजचा फोटो तर रंगासाठी वापरूच नका, तो मधल्या काळात पुन्हा रंगवलेला असू शकतो. मापांसाठी मात्र तोच डबा सगळ्यात भरवशाचा, परवानगी मिळाली तर टेप घेऊन जा, झाकणाची जाडीसुद्धा मोजून आणता येते.