धावपटूचे जीपीएस घड्याळ : निवड

उपग्रहांचे रेडिओ संदेश पकडून स्थान, अंतर व वेग मनगटावरच काढणारे आणि संपूर्ण धाव नोंदवून ठेवणारे घड्याळ. जीपीएस ही मूळची अमेरिकेची यंत्रणा. आजची बहुतेक घड्याळे तिच्या जोडीने रशियाची ग्लोनास, युरोपची गॅलिलिओ आणि चीनची बैदू यांचेही संदेश घेतात. ही घड्याळे अंतर मोजत नाहीत, त्याचा अंदाज बांधतात. निवड करताना हा अंदाज कुठे आणि कसा चुकतो, हे आधी पाहावे लागते. वैशिष्ट्यांची यादी त्यानंतर.

अमेरिकी लष्कर नागरी वापराच्या संदेशात मुद्दाम चूक मिसळत असे, त्यामुळे स्थान सुमारे 100 मीटरपर्यंत हुकायचे. मे 2000 मध्ये राष्ट्राध्यक्ष बिल क्लिंटन यांच्या आदेशाने ही मिसळ बंद झाली आणि पायी चालणाऱ्या-धावणाऱ्या माणसाला जीपीएसचा खरा उपयोग होऊ लागला. 2003 मध्ये गार्मिनची फोररनर 101 आणि 201 ही मॉडेल्स आली. आजच्या मानाने ती बोजड होती, पण रस्त्यावर धावताना पेस, म्हणजे एका किलोमीटरला लागणारा वेळ, दाखवत होती. हृदयगती मोजण्याचा इतिहास याहून जुना आहे. फिनलंडच्या पोलार कंपनीने 1982 मध्येच छातीच्या पट्ट्याचा बिनतारी संच बाजारात आणला होता. ॲपल वॉचमध्ये स्वतःचे जीपीएस आले ते 2016 मध्ये.

जीपीएसचे उपग्रह सुमारे 20,200 किमी उंचीवरून फिरतात. संदेश निघाल्यापासून पोहोचेपर्यंत लागलेल्या वेळेवरून घड्याळ प्रत्येक उपग्रहाचे अंतर काढते, आणि असे किमान चार उपग्रह मिळाले की स्थान ठरते. वेळेत एक मायक्रोसेकंद चूक झाली तर अंतरात 300 मीटरचा फरक पडतो. यावरून काम किती नाजूक आहे ते कळते. स्थानाचे बिंदू सहसा दर सेकंदाला घेतले जातात व ते जोडून मार्ग तयार होतो. प्रत्येक बिंदू थोडा डावी-उजवीकडे सरकलेला असतो, म्हणून सरळ रस्त्यावर मार्गाची रेषा नागमोडी होते आणि अंतर वाढते. वळणांवर उलटा प्रकार होतो, रेषा कोपरा कापते. 400 मीटरच्या ट्रॅकवर म्हणूनच घड्याळाचा भरवसा धरू नये. काही मॉडेल्समध्ये खास ‘ट्रॅक’ मोड असतो. तो नसेल तर फेऱ्या मोजणे आणि लॅपचे, म्हणजे प्रत्येक टप्प्याची वेळ वेगळी नोंदवणारे, बटण दाबणे हेच बरे.

खरी परीक्षा उंच इमारतींमध्ये होते. लोअर परळच्या टॉवरांमधून धावताना संदेश थेट न येता काचेवर आपटून येतो, वाट लांबते आणि नकाशावर धावपटू इमारतीच्या आतून गेलेला दिसतो. यावर दुहेरी वारंवारतेचा उपाय आहे. जुनी घड्याळे फक्त एल1 (1575.42 मेगाहर्ट्‌झ) ऐकतात, नवी त्यासोबत एल5 (1176.45 मेगाहर्ट्‌झ) ऐकतात. एल5 वरचा संकेत दहापट वेगाने बदलतो, त्यामुळे थेट आलेला संदेश कोणता आणि परावर्तित कोणता, हे ओळखणे सोपे जाते. सातारा, सांगली किंवा रत्नागिरीच्या मोकळ्या रस्त्यावर धावणाऱ्याला या सोयीचा फरक फारसा जाणवणार नाही. दादर ते वरळी रोज धावणाऱ्याने मात्र त्यासाठी जास्तीचे पैसे जरूर मोजावेत. बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातल्या दाट झाडीतही तिचा उपयोग होतो. भारताच्या ‘नाविक’ या स्वतःच्या स्थानदर्शक यंत्रणेचे उपग्रह आधी एल5 आणि एस या पट्ट्यांतच प्रसारण करत. मे 2023 मध्ये सोडलेल्या एनव्हीएस-01 पासून त्यांत एल1 ची भर पडली, ती लहान उपकरणांची सोय पाहूनच.

घड्याळ आणि शर्यत यांचे भांडण नेहमीचे आहे. मॅरेथॉन (42.195 किमी) संपल्यावर “माझ्या घड्याळात 42.8 भरले, यांनी मार्ग जास्त मोजला” अशी तक्रार हमखास ऐकू येते. मार्ग बहुधा बरोबर असतो. प्रमाणित मार्ग कॅलिब्रेट केलेल्या सायकलीने मोजतात, शक्य तितक्या जवळच्या वाटेने, वळणावर कडेपासून 30 सेंटिमीटर अंतर राखून. शिवाय मार्ग कमी भरू नये म्हणून हजारी एक, म्हणजे 42 मीटर, मुद्दाम वाढवतात. धावणारा ती वाट धरत नाही. तो गर्दी चुकवतो, पाण्याच्या टेबलाकडे वळतो, वळण बाहेरून घेतो, आणि घड्याळाची नागमोडी त्यात आणखी भर घालते.

हिशेब करून पाहावा. 4 तासांत मॅरेथॉन संपवायची तर दर किलोमीटरला 5 मिनिटे 41 सेकंद पुरतात. घड्याळावर सरासरी 5:41 ठेवून कोणी धावला आणि शेवटी घड्याळात 42.8 किमी भरले, तर वेळ लागते 4 तास 3 मिनिटे 15 सेकंद. घड्याळ शेवटपर्यंत “सगळे ठीक” म्हणत राहते आणि चार तासांच्या गतीने धावून वाट दाखवणाऱ्या पेसरचा फुगा मात्र डोळ्यांदेखत पुढे निघून जातो. अशा धावपटूने घड्याळावर 5:36 ठेवायला हवेत, किंवा ऑटो-लॅप (घड्याळाने स्वतःच्या मोजणीने आपोआप लॅप नोंदवणे) बंद करून किलोमीटरच्या प्रत्येक फलकापाशी स्वतः लॅप दाबायला हवा. मुंबई मॅरेथॉनच्या उत्तरार्धात पेडर रोडचा चढ येतो, तेव्हा पाय आणि डोके दोन्ही थकलेले असतात. तिथे हे बटण बोटाला न बघता सापडते का, हा खरेदीच्या वेळी विचारायचा प्रश्न आहे.

बटणांचा मुद्दा म्हणूनच वरचा. नुसता टचस्क्रीन घामाने किंवा पावसाने ओला झाला की बोट ऐकत नाही, कधी पाण्याच्या थेंबानेच पान उलटते. जून ते सप्टेंबर धावणे न सोडणाऱ्या माणसाला सुरू, थांब आणि लॅप यांसाठी खरी बटणे हवीतच. पडद्याचे दोन प्रकार आहेत. अ‍ॅमोलेड चमकदार असतो, पहाटे पाचच्या अंधारात उत्तम दिसतो, पण बॅटरी खातो. एमआयपी पडदा खोलीत निस्तेज वाटतो, उन्हात मात्र जितका प्रकाश पडेल तितका स्पष्ट होतो. दुकानातल्या दिव्याखाली अ‍ॅमोलेडच जिंकणार. घड्याळ हातात घेऊन दाराबाहेर उन्हात पाहिल्याशिवाय मत बनवू नये.

त्याही आधी एक खात्री करून घ्यावी : घड्याळात जीपीएस आहे का? प्रश्न विचित्र वाटेल. पण भारतात विकल्या जाणाऱ्या स्वस्त स्मार्टवॉचपैकी अनेकांत ते नसते. खोक्यावर ‘कनेक्टेड जीपीएस’ लिहिलेले असते, त्याचा अर्थ स्थान फोनकडून उसने घेतले जाते. फोन घरी ठेवून धावायचे असेल तर हे घड्याळ निरुपयोगी. फोन नसताना ते हाताच्या झोक्यावरून अंतर ठरवते, आणि चालण्या-धावण्याची लय बदलली की आकडे भरकटतात.

बॅटरीच्या पत्रकातला सर्वांत मोठा आकडा बहुधा घड्याळ नुसते मनगटावर असतानाचा असतो, धावतानाचा नव्हे. सर्व उपग्रह यंत्रणा आणि दुहेरी वारंवारता चालू असतानाचे तास वेगळे लिहिलेले असतात, तेच पाहावेत. दहा किलोमीटर आणि अर्धमॅरेथॉन धावणाऱ्याला याची चिंता नाही. दक्षिण आफ्रिकेतल्या कॉम्रेड्सला जाणारे धावपटू महाराष्ट्रात आता पुष्कळ आहेत. दरबान आणि पीटरमारित्झबर्ग यांच्यामधली ही शर्यत सुमारे 90 किमीची असून मुदत 12 तासांची. बॅटरी दरवर्षी थोडी थोडी क्षीण होते हे धरून, अशा शर्यतीसाठी त्या मोडमध्ये किमान 18 ते 20 तास सांगणारे घड्याळ घ्यावे.

मनगटावरची हृदयगती हिरव्या प्रकाशाने मोजतात. रक्त हा प्रकाश शोषते, त्यामुळे ठोक्यागणिक परतणाऱ्या प्रकाशात फरक पडतो. निवांत बसलेले असताना ही पद्धत चांगली चालते. धावताना हात हलतो, पट्टा सैल असला तर बाहेरचा प्रकाश आत शिरतो, आणि मग एक गमतीदार चूक घडते : घड्याळ ठोक्यांऐवजी पावले मोजू लागते. गप्पा मारत हळू धावणाऱ्याच्या पडद्यावर 174 दिसले आणि मिनिटाला पावलेही तेवढीच पडत असली, तर हा तोच घोळ. पट्टा मनगटाच्या हाडाच्या थोडा वर आणि घट्ट बांधला की बराच फरक पडतो. छातीचा पट्टा हृदयाची विद्युत स्पंदने थेट टिपतो, म्हणून इंटरव्हलसाठी, म्हणजे मध्ये विश्रांती घेत केलेल्या छोट्या वेगवान धावांसाठी, तोच विश्वासाचा. महागड्या घड्याळापेक्षा मध्यम घड्याळ आणि छातीचा पट्टा ही जोडी अधिक शहाणपणाची ठरते. फक्त घड्याळ बाहेरचा पट्टा जोडून घेते ना, ते पाहावे.

घाटात धावणाऱ्यांना दाबमापक हवा. समुद्रसपाटीजवळ साधारण 8 मीटर चढले की हवेचा दाब 1 हेक्टोपास्कलने उतरतो. त्यावरून काढलेली उंची उपग्रहांवरून काढलेल्या उंचीपेक्षा बरीच स्थिर असते. सातारा हिल हाफ मॅरेथॉन यवतेश्वराचा घाट चढून उतरते. तिथे किती चढलो आणि किती उरले, हे याच आकड्यावर कळते. पावसाळी हवेत दाब आपोआप बदलतो आणि घड्याळ त्यालाही चढउतार समजते, म्हणून निघताना उंची जुळवून घ्यावी. दाबमापकाच्या भोकात घामाचे मीठ साचते, तेव्हा धावून आल्यावर घड्याळ साध्या पाण्याखाली धरावे. ‘5 एटीएम’ असे लिहिलेल्या घड्याळाला याची भीती नाही. पण ते 50 मीटर खोल पाण्याच्या स्थिर दाबाइतके मोजमाप असून बुडी मारण्याचा परवाना नव्हे.

व्हीओटू मॅक्स (शरीर जास्तीत जास्त किती ऑक्सिजन वापरू शकते याचा आकडा), विश्रांतीचे तास, शर्यतीच्या वेळेचे भाकीत ही सगळी गणिते वेग आणि हृदयगती यांच्यावर उभी असतात. फिनलंडच्या फर्स्टबीट कंपनीची अशी सूत्रे अनेक घड्याळांत वापरली गेली. 2020 मध्ये गार्मिनने तिचा हा विभाग, फर्स्टबीट ॲनालिटिक्स, विकतच घेतला. आकडा महिन्यागणिक कोणत्या दिशेने सरकतो ते पाहण्यात अर्थ आहे. आज 47 आणि मित्राचे 51, यावरून चहाच्या टपरीवर वाद घालण्यात नाही. या एका आकड्यासाठी वरचे मॉडेल घेणे म्हणजे पैसे वाया घालवणे.

नोंदींची मालकी हाही निवडीचा भाग आहे. जुलै 2020 मध्ये सायबर हल्ल्यामुळे गार्मिनच्या सेवा काही दिवस बंद पडल्या. धावांच्या फाइली घड्याळात शाबूत होत्या आणि ज्यांना केबलने त्या काढता येत होत्या त्यांचे अडले नाही. फिट किंवा जीपीएक्स स्वरूपात नोंद बाहेर काढता येणे म्हणून आवश्यक. स्ट्राव्हावर (धावांच्या नोंदी इतरांना दाखवण्याची ऑनलाइन सेवा) धाव टाकणाऱ्यांनी घराभोवतीचा भाग लपवण्याची सोय वापरावी. जानेवारी 2018 मध्ये याच सेवेच्या जागतिक नकाशावर लष्करी तळांवरच्या धावण्याच्या वाटा उजळून दिसल्या होत्या.

सुरुवातीला उपग्रह पकडायला वेळ लागतो, कारण उपग्रह आपल्या कक्षेची माहिती सेकंदाला अवघ्या 50 बिट इतक्या संथपणे पाठवतो. फोनशी जोडलेले घड्याळ ही माहिती आधीच उतरवून ठेवते. आठवडाभर न जोडलेले घड्याळ शर्यतीच्या सुरुवातीला ताटकळत ठेवते ते यामुळे.

खरेदीत दोन स्थानिक बाबी राहतात. देवनागरीतले निरोप काही घड्याळांवर नुसते चौकोन होऊन दिसतात, तेव्हा दुकानातच स्वतःला एक मराठी संदेश पाठवून पाहावा. अमेरिकेतल्या नातेवाइकाकडून मागवलेल्या घड्याळाची वॉरंटी भारतात चालेलच असे नाही, खरेदीपूर्वी कंपनीकडे विचारावे. नवे मॉडेल आले की आधीच्या पिढीचे घड्याळ स्वस्त होते. रस्त्यावर धावणाऱ्या बहुतेकांसाठी तेच पुरेसे असते, मात्र बॅटरी सहसा घरी बदलता येत नसल्याने वापरलेले घड्याळ घेताना ते एक तास जीपीएसवर चालवून किती टक्के उतरते ते पाहावे.