कोळंबी बाधते म्हणून सीटी स्कॅनचं इंजेक्शन टाळायचं?

वाशी-ऐरोलीकडे सीटी स्कॅनला निघालेल्या माणसाला कुणीतरी हटकतंच: "कोळंबी बाधते ना तुला? मग ते डायचं (स्कॅनमध्ये अवयव ठळक दिसावेत म्हणून देतात ते) इंजेक्शन घेऊ नकोस, त्यात आयोडीन असतं." ठाणे-बेलापूर पट्ट्यातल्या केमिकल कारखान्यांत उमर घालवलेली माणसंही हेच सांगतात, याचं मला नवल वाटतं.

कोळंबी-खेकड्याची ॲलर्जी होते ती मुख्यतः ट्रोपोमायोसिन या प्रथिनामुळे. आयोडीनचा त्यात हात नाही. तसं असतं तर रोजचं आयोडीनयुक्त मीठही बाधलं असतं! आपल्या थायरॉइडमधलं थायरॉक्सिन हे संप्रेरकसुद्धा आयोडीन जोडलेलं ॲरोमॅटिक (बेंझीनसारखं कडं असलेलं) संयुगच की.

आता इंजेक्शन. त्यात वापरल्या जाणाऱ्या आयोहेक्सॉल या औषधाचा रेणू घ्या: बेंझीनच्या (सहा कार्बनच्या) कड्यावर आयोडीनचे ३ अणू, वजनात सुमारे ४६ टक्के आयोडीन. क्ष-किरण अडवतात ते हेच जड अणू. ते बसवणं मात्र सोपं नाही. नुसतं आयोडीन घातलं, तर सोबत तयार होणारं हायड्रोजन आयोडाइड क्रिया उलटी फिरवतं. म्हणून कारखान्यात आधी कड्यावर अमिनो (नायट्रोजनचा) गट आणतात, म्हणजे आयोडीन जोडणं सोपं जातं; मग आयोडीन मोनोक्लोराइड (आयोडीन-क्लोरीनचं संयुग) वापरतात. असे बसलेले अणू सहजी सुटत नाहीत. बहुतेक औषध जसंच्या तसं लघवीवाटे निघून जातं.

इंजेक्शनची स्वतःची रिॲक्शन येते, क्वचित गंभीरही. तेव्हा डॉक्टरांना सांगायचं ते हे: पूर्वी याच इंजेक्शनने त्रास झाला होता का, क्रिएटिनिन (मूत्रपिंडाचं काम दाखवणारी रक्ततपासणी) किती, दमा किंवा थायरॉइड आहे का. कोळंबीचंही सांगा, पण तेवढ्यावरून तपासणी रद्द करू नका.